दळलेलं बियाणं

घेवड्याच्या दाण्यातली प्रथिनं जेलीसारख्या पातळ थरातून वीज सोडून पळवली की निळे पट्टे उमटतात. पट्टे वेगळे, तर वाण वेगळा. त्याला अर्धा दाणा पुरतो. कोंबाकडचा अर्धा जपला तर पेरताही येतो. हे मी सांगलीच्या कॉलेजात दरवर्षी पोरांना शिकवतो. स्वतः मात्र होता तेवढा वाटीभर घेवडा मिक्सरला लावला. पट्टे ठसठशीत यावेत म्हणून.

घेवडा कोरेगावकडच्या एका मावशींचा. नात्यातल्या नव्हेत, नमुने गोळा करत हिंडताना त्यांनी चहा पाजला आणि पेरून उरलेला सगळा घेवडा माझ्या रुमालात बांधला. पाव्हण्याला रिकामं कसं धाडायचं?

पट्टे आले. त्यातला एक तर दुसऱ्या कुठल्याच नमुन्यात नव्हता. मी फोटो कॉलेजभर मिरवला. त्याच आठवड्यात मावशींचा फोन.

"सर, पावसानं पेरलेलं समदं कुजलं. रुमालातलं द्या माघारी. हाय न्हवं?"

"आहे ना," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मार्केट यार्डात तसाच तांबड्या रेघांचा घेवडा पोत्यानं होता. किलोभर घेतलाही. पण त्याचेही पट्टे मीच काढलेले. तो एक पट्टा त्यात नव्हता. लबाडीसुद्धा मला धड करता येईना. घरी त्याची उसळ झाली. मी रिकाम्या हातानं मावशींकडं गेलो.

"समदं दळलं?"

"हो."

"मग पिठलं तरी करून खायचं वो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. ते बियाणं आता असलं तर पलीकडच्या गावात, त्यांच्या नणंदेकडं. मावशींनीच दिलेलं, बोलणं तुटायच्या आधी. मी मोटारसायकल तिकडं घातली. नणंदबाईंनी राखेच्या मडक्यातून मूठभर घेवडा काढून दाखवला आणि परत आत टाकला.

"देते की. पण तिनं यावं. मास्तर कशाला धाडला?"

तसंच येऊन सांगितलं. मावशी कुजलेल्या वाफ्यांकडं बघत राहिल्या.

"सख्ख्या भावाच्या दहाव्याला आली न्हवती ती. भाऊ म्हंजे माझा मालक."

मग त्यांनी चपला घातल्या, माझ्याकडून तोच रुमाल मागून घेतला आणि मागं बसल्या.

"हळू चालवा," म्हणाल्या. "मला पोचायची घाई न्हाई."