माग चालू असताना बघायची गाणी

मागाच्या पलीकडून एक हात वर व्हायचा आणि बोटं दिसायची. चार बोटं म्हणजे चौथा नंबर. दोन्ही पंजे उघडे म्हणजे दहावा, आणि तोही मेहरबानी म्हणून. अंगठा खाली गेला, की ते गाणं त्या वर्षापुरतं मेलं. मग आण्णा पुन्हा मागाकडे वळायचे, जणू मोबाईलवर नाचणाऱ्या कोरियातल्या त्या पोरांचं भवितव्य ठरवणं हे मालकानंच नेमून दिलेलं काम होतं.

वडगावातल्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये निम्मे लोक कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. माग सुरू झाले की दोन्ही भाषा बंद पडतात आणि हातवारे सुरू होतात. कांडीवरचं सूत संपलं, चहा आला, मालक आला, सगळं हातानं नाहीतर नुसत्या ओठांनी सांगायचं. मी तिथं विणलेल्या साड्या तपासून घड्या घालते. आण्णांचा माग माझ्या टेबलासमोरच होता. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, कपाळाला अंगारा, अंगात बाह्यांचा बनियन आणि खिशात कोरियन गाणी.

हा नाद मुलीनं लावलेला. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. ती बेंगळूरला नोकरीला गेली आणि जाताना बापाच्या हातात मोबाईल देऊन गेली. नवं गाणं आलं की ती पाठवायची. वर्ष संपत आलं की दोघं आपापले दहा नंबर काढायचे आणि मेसेजवर भांडायचे.

आण्णांचे कान गेले होते. हे तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण आम्हाला ते फार उशिरा कळलं. हयात मागांच्या त्या खडखडाटात गेलेली, मग काय होणार? मुलीनं निघताना बजावलं होतं, "आप्पा, कानाला कमी आलं की माग सोडायचा आन् माझ्याकडं यायचं. मग मी काय ऐकायची न्हाय." आण्णांना माग सोडायचा नव्हता. मला म्हणायचे, "आक्का, तिकडं चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? खिडकीतनं रिक्षा बघू?" मला वाटायचं, गडी बेंगळूरला घाबरतो.

तुम्हीही आजूबाजूची माणसं न्याहाळत असाल, तर जरा विचार करून बघा. जिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथं बहिरा माणूस ओळखायचा कसा? मुलीचा फोन आला की आण्णा तो उचलायचे नाहीत. "शेडात आवाज असतोय, लिहून पाठव," असा मेसेज टाकायचे. घरी जाऊनही तेच. आणि गाणी बघायची ती फक्त माग चालू असताना. जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "लावा की एखादं, आण्णा," तर माझ्या ओठांकडे बघून आण्णा मोबाईल खिशात टाकायचे. "जेवताना नको. घास घशात अडकतोय."

म्हणजे आमच्या शेडमध्ये कोरियन गाणी कुणी ऐकलीच नाहीत. आम्ही ती बघितली, आणि साड्या बघतो तशी बघितली.

गाण्यांची नावं आम्हाला कुठली वाचता येतात! आण्णांनीच नावं ठेवली होती. एक होतं चिंतामणी केसांचं. त्यातल्या पोरांनी निळे केस केले होते आणि आण्णांच्या मते तो निळा म्हणजे अस्सल चिंतामणी रंग होता. त्याला पाचवा नंबर. एक राणी रंगाच्या झग्यांचं. त्यात सहा पोरी झकास नाचायच्या, पण मागच्या रांगेतली एक सतत अर्धा क्षण उशिरा वळायची. आण्णा हळहळायचे. "तिच्यापायी कापडाचा आख्खा पन्ना बिघडला," म्हणून त्या सहाही पोरी गेल्या आठव्या नंबरावर.

माझं आवडतं होतं जिन्यावरचं. एक एकटा पोरगा जिना उतरत असतो, बास. आण्णांनी ते सातव्याच्या वर कधी चढू दिलं नाही. "त्याच्या शर्टाची शिलाई बघ, आक्का. उसवलीया." मी ओठांनीच म्हटलं, फॅशन असते ती. आण्णांनी दोन्ही हात जोडले आणि मागाकडे वळले. गेल्या वर्षी वर्षभर आमचं हे असं चालू होतं. दुसरा नंबर भरला, तिसरा भरला. पहिला रिकामाच. विचारलं की म्हणायचे, "एक नंबर घाईनं द्यायचा नसतोय."

वर्ष संपत आलं तेव्हा पांढऱ्या कपड्यांचं गाणं आलं. बऱ्याच पोरी, अनवाणी, सगळ्यांच्या अंगात साधे पांढरे झगे. नाच असा नाहीच. रांगेनं संथ चालत येतात, वळतात, परत जातात. आण्णांनी ते बघितलं, पुन्हा बघितलं, मग मला बोलावून दाखवलं. आणि एक बोट वर केलं. मला विशेष काही वाटलं नाही. पण त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता की मी मान हलवली.

त्यांनी दहाचे दहा नंबर मुलीला पाठवले. चार-पाच दिवसांनी तिचा मला फोन आला, तो मी शेडबाहेर जाऊन घेतला. अडीअडचणीला म्हणून माझा फोन नंबर तिच्याकडे होता.

"आक्का, ते पांढऱ्या कपड्यातलं गाणं तुमी बघितलासा?"

"बघितलं की. एक नंबर दिलाय तुझ्या आप्पांनी."

"आवाज आलता तुमास्नी?"

मी हसले. "आवाज कसला गं? माग चालू असत्यात."

ती म्हणाली, "त्यात आवाजच नव्हता, आक्का. मी मोबाईलवरनं रेकॉर्ड करून पाठवलं, आन् आवाज घ्यायचा ऱ्हायला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. म्हटलं, आप्पा सांगतीलच." मग तिनं मेसेजचं सांगितलं. "आप्पांनी एक नंबर दिला. आन् खाली लिवलंय, बाईचा आवाज लई गोड हाय."

मी फोन ठेवला, आत आले आणि घड्या घालायला लागले. साड्या बऱ्याच साठल्या होत्या. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. हात चालत होते, डाग दिसला की बोट थांबत होतं, एवढंच. समोर आण्णा कांडी बदलत होते. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, काय झालं म्हणून. मी मान हलवली, काही नाही.

पुढच्या सोमवारी ती आली आणि त्याच आठवड्यात आण्णांना घेऊन गेली. कानाला मशीन बसवलं म्हणे. बऱ्यापैकी ऐकू येतं, पण ते काढूनच ठेवतात, असं तिनं कळवलंय. यंदाचे नंबर काढले का, हे मी विचारलेलं नाही. त्यांच्या मागावर आता दुसरा माणूस आहे. काम बरं करतो. इथं कुणी आण्णांचा विषय काढत नाही, मीही काढत नाही. अजूनही मला धड वाईट वाटत नाही. फक्त ती आली तो सोमवार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

करंट गेला होता. सगळे माग एकदम थांबले होते, आणि शेडमध्ये इतकी शांतता होती की बाहेरच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता. आण्णा दाराकडे पाठ करून, वाकून, ताण्याचे तुटलेले उभे धागे जोडत होते. ती दारात येऊन उभी राहिली. हातात प्रवासाची बॅग होती.

"आप्पा," तिनं हाक मारली.

आण्णा धागे जोडत राहिले. ती दोन पावलं पुढं आली. "आप्पा!" या वेळी जरा मोठ्यानं. माझ्या बाजूची बाई माझ्याकडे बघायला लागली. मग ती पोरगी अगदी जवळ गेली, पाठीला हात लागेल इतकी जवळ, आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू, नेहमीच्या बोलण्यातल्यासारखं म्हणाली, "आप्पा." आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ती मागाला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. आण्णांनी मान वर केली. चेहरा असा फुलला, की काय सांगू. धागे हातातून सुटले आणि त्या चिडीचूप शेडमध्ये ते केवढ्यानं तरी ओरडले, "कवा आलीस गं? हाक तरी मारायचीस की!"

शेडमध्ये बोलतात तसं, आवाज न काढता नुसत्या ओठांनी, ती म्हणाली, "आत्ताच, आप्पा."