लेकीच्या वजनाचं शीड

आमच्या खात्यात एक नियम आहे: एका वेळी एकच बदल. पार्ट खराब निघाला तर टूल बदला, नाहीतर स्पीड बदला. दोन्ही एकदम बदलले तर दोष कुठं होता ते कळत नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीमध्ये आयुष्य गेल्यामुळे हा नियम माझ्या हाडात मुरला आहे. घरी आमटी खारट झाली तरी मी ‘फक्त पाणी वाढव, बाकी कशाला हात लावू नकोस’ असं सांगतो, आणि त्यावर जे ऐकून घेतो ते इथं लिहीत नाही. याच नियमाच्या जोरावर गेल्या आषाढात मी माझ्या मित्राच्या मुलीला जवळजवळ धरणाच्या भिंतीवर नेऊन आपटलं.

मित्र मेंटेनन्समधला. शेजारच्या कंपनीतला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना विंडसर्फिंगचं सगळं सामान विकायला निघाला. दोन बोर्ड, एक मोठा, एक लहान. आणि चार शिडं. आम्ही दोघांनी मिळून ते घेतलं आणि रविवारी भामा आसखेडच्या धरणावर जायला लागलो. प्रकार सोपा वाटतो. बोर्डावर उभं राहायचं, त्याला जोडलेलं शीड हातात धरायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. निदान मी तरी तसाच जायचो. मित्र मात्र त्याला हवं तिकडे जायचा. वारा वाढला की मी काठावर बसून शेंगा खायचो. तो लहान शीड बांधायचा, लहान बोर्ड काढायचा आणि म्हणायचा, “चल राव, वाऱ्याला काय घाबरतोस!” मी शेंगा संपल्या नसल्याचं कारण सांगायचो.

दिवाळीनंतर तो गेला. आजार पोटाचा होता. बरेच महिने चालला. मुलगी हिंजवडीत नोकरीला. बापाकडून ती हलक्या वाऱ्यात, मोठ्या बोर्डावर शिकली होती. काठाजवळच्या उथळ पाण्यात, शिडाच्या ओढीनं पाण्यातून बोर्डावर चढायचंही त्यानं तिच्याकडून घोटून घेतलं होतं. आषाढाच्या वाऱ्यात नेतो म्हणाला होता, ते राहिलं. आता वहिनींना ते सामान घरात नको होतं. मुलगी ऐकेना. शेवटी वहिनींनी निकाल दिला. “एकदा जा. भाऊजी असतील आणि मीही येईन. धड परत आलीस तर सामान राहील. नाहीतर सगळं काढून टाकणार, मग बोलायचं नाही.”

आषाढातल्या एका रविवारी आम्ही तिघं धरणावर पोचलो. वारा पश्चिमेचा आणि भिंत पूर्वेला. म्हणजे काही चुकलं की माणूस भिंतीकडेच जाणार. मुलीनं सरळ बापाचं निळं शीड उलगडलं, तो या वाऱ्यात लावायचा ते. “काका, हेच.”

यावर कोण नाही म्हणणार? मी फक्त बोर्डाचं ठरवलं. शीड बदललंय ना, मग बोर्ड बदलायचा नाही. “मोठाच घे, सवयीचा आहे. तोल तरी राहील.” हे बोलताना मला स्वतःलाच माझा आवाज फार अनुभवी वाटला.

ती पाण्यात गेली आणि मोठ्या बोर्डाच्या नाकाखाली वारा शिरला. छपराचा पत्रा उचकटावा तसा बोर्ड उचलला गेला. ती पडली, चढली. शिडानं तिला पुढे ओढून फेकलं. पुन्हा चढली, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी आणखी पूर्वेला. काठावर ज्यांचं कांद्याचं रान आहे ते आजोबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“सायेब, कांद्यावरची ताडपत्री बी वाऱ्यात अशीच जाती. पर ती कुनाची पोर नसती.”

मी पळत सुटलो. सुटलेलं पोट, चिखल आणि एका पायातली चप्पल. दुसरी कुठं गेली ते आजतागायत कळलेलं नाही. मुलीनं शीड पाण्यात आडवं टाकलं, बोर्डावर पालथी पडली आणि हातांनी पाणी मारत काठाला लागली. भिंतीचे दगड तिथून मोजता आले असते. ओठ निळे पडले होते.

“काका, मी पडत नाहीये. ते मला फेकतंय.”

वहिनी मागून आल्या. मी बोलणी खायच्या तयारीनं मान खाली घातली. पण त्या मुलीकडे बघत होत्या.

“ह्यांचं वजन किती होतं, भाऊजी?”

“पंचाहत्तर असेल.”

“आणि हिचं बावन्न. त्यांचं शीड हिला झेपेल कसं?” मग म्हणाल्या, “शेवटी तेही बावन्नच भरले होते. तेव्हा अंगावरची चादर ओढवत नव्हती त्यांना.”

  मी आयुष्यभर लोकांना मापं घ्यायला लावली, आणि शीड नेमकं कोण धरणार आहे हेच बघितलं नव्हतं. मित्राला तो वारा जेवढ्या शिडानं पेलायचा, त्याहून लहान शीड या पोरीला हवं होतं.

घरी जाऊ या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. वहिनीच म्हणाल्या, “त्याहून लहान आहे ना एक?”

होतं. चारातलं सगळ्यात लहान. आम्ही त्याला झबलं म्हणायचो. कधी बांधलंच नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. “ते बाबांचं नाही.”

“त्यांना लागलं नाही म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “तुला लागतंय.”

सामान ओढत आम्ही मूळ जागी आलो. मी झबलं बांधलं आणि लहान बोर्ड काढला.

“काका, दोन्ही एकदम?”

“दोन्ही. तो बोर्ड या वाऱ्याचा नाही आणि ते शीड तुझ्या मापाचं नाही.”

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं एक पाय बोर्डावर ठेवला. शिडात वारा भरला आणि त्यानंच तिला वर उचललं. बोर्ड पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून पळायलाच लागला. ती भिंतीकडे गेली नाही, वाऱ्याला आडवी गेली. पार पलीकडे वळताना पडली. शीड बराच वेळ दिसेना. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांच्या लक्षातही नसावं. मग शीड उभं राहिलं आणि आमच्याकडे यायला लागलं. जवळ आली, हात न हलवता नुसतं बघितलं आणि पुन्हा गेली.

निळं शीड आमच्या पायाशी पसरलं होतं.

“मग हे काढून टाकायचं ना आता?” वहिनींनी विचारलं.

“नाही वहिनी. वारा थोडा कमी असला की हिला हेच लागेल. झबल्यानं जागची हलणार नाही ती.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय?”

“खोटं बोलण्याइतकं मला यातलं कळत नाही, ते तुम्ही बघितलंत.”

त्या वाकल्या आणि शिडाचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं. “तिकडचं धरा. ओलं ठेवलं तर कुबट वास सुटेल.”

शीड वाऱ्यानं दोघांनाही ओढत होतं. ते वाळेपर्यंत आम्ही धरून उभे राहिलो.