चरणारा मासा

मानवतच्या आमच्या घरात टीव्हीच्या जागी समुद्र आहे. तीन फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, दगड आणि थोडी प्रवाळं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. शेवाळाने काचेपासून दगडांपर्यंत सगळं हिरवं केलं, तेव्हा मी पुण्याहून ब्लेनी मागवला. बोटाएवढा, मातकट रंगाचा, शेवाळ खरवडून खाणारा मासा. दगडावर रेलून बसायचा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवायचा. दोन महिन्यांत त्याने टाकी लख्ख केली. घरी येईल त्याला मी ती कौतुकाने दाखवायचो.

त्या हिवाळ्यात माझे वडील, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बोरीहून आले. त्यांचा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा लावून ते टाकीपुढे बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे वाळायलंय."

"कोण?"

"हे दगडावरचं. पोट बघ की, पार आत गेलंय."

"मी रोज दाणे टाकतो, आबा."

"खातंय का?"

ते मी कधी पाहिलं नव्हतं. दाणे टाकले. बाकीचे मासे धावले. ब्लेनीने एक डोळा फिरवला, तोही आबांकडे.

"चरणारं जनावर हाय हे," आबा म्हणाले. "रान संपलंय त्याचं. अन् तू लोकायला मोकळं रान दाखवायलास."

पीएचडीवाल्यांचे व्हिडिओ बघून मी टाकी चालवत होतो आणि मासा डोळ्यांदेखत उपाशी होता.

उपाय आबांनीच सांगितला. "एक रान चारायचं, एक राखायचं." मग टाकीतले दोन दगड काढून खाऱ्या पाण्याच्या टबात घातले आणि टब गच्चीवर उन्हात ठेवला. बायकोने विचारलं, "हे काय वाळत घातलंय?" आबा म्हणाले, "वाळत न्हाई, पेरलंय."

दगडांवर शेवाळ उगवायला अकरा दिवस लागले. शाळेतून आलो की मी चप्पल न काढता टाकीत डोकवायचो. नवव्या दिवशी मासा कुठेच दिसेना. मी आशा सोडली. आबांनी सोडली नाही. त्यांना तो पंपामागे सापडला, तेही एका डोळ्याने.

हिरवा झालेला दगड टाकीत ठेवला तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. बराच वेळ काही घडलं नाही. मग ब्लेनी सरकत आला आणि दगडाला तोंड लावून खरवडायला लागला.

"लागलं," आबा म्हणाले. "आता सरका तिकडं. माणसं बघून जनावर बुजतं."

पंधरा दिवसांत त्याचं पोट गोल झालं. गच्चीवरचा टब आजही आहे. दगड आलटून पालटून जातात. आबा बोरीला परतले. फोनवर परवा त्यांनी विचारलं, तो रवंथ करतो का. मी नाही म्हणालो.

"करत असंल," ते म्हणाले. "तुझं ध्यान नसंल."