दर्या तापलाय म्हणाली होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खळं सारवलं ते. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून वावरात आडवं पडलं होतं, ऊन कडक. मी पाणी ओतत होतो, माझी बायको सगुणा शेणाचा हात फिरवत होती. मधेच थांबली आणि खंडाळ्याच्या अंगाला बघत बसली. तिकडं एका ठिकाणाहून पिंजलेल्या कापसागत ढग पंख्यासारखे वर पसरले होते. खाली पान हलत नव्हतं. म्हणाली, "आवं, दर्या तापलाय."

मी हसलो. "बेडशाच्या डोंगराआडून दर्या दिसाया लागला व्हय तुला? म्हातारपणी नजर लय वाढली."

"हसा. भात आजच उचला आन भाऱ्यांची उडवी रचा. मी जाते भावाकडं."

तिचं माहेर पेणच्या खाडीकाठचं. तिथली भाताची वावरं भरतीच्या पाण्याहून खाली. मधे नुसता मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची तीन वर्षं दाणा पिकत नाही. बांधाला पडलेल्या भगदाडाला ते खांड म्हणतात. खांड पडली की घराघरातलं माणूस पळतं, बाया सुद्धा. खांद्याला खांदा लावून माणसंच पाण्याला आडवी उभी राहतात आणि त्यांच्या पाठीमागं बाकीचे पेंढा-चिखल टाकत जातात. लग्नाआधी सगुणा अशी दोनदा उभी राहिलेली. नवी नवरी असताना तिनं मला हे सांगितलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "आमच्याकडं बांध फुटला तर एकटा गडी फावडं घेऊन जातो."

"तुमच्या बांधापल्याड हाय काय? शेजाऱ्याचं वावर," ती म्हणाली.

तशीच होती. तोंडाला तोंड द्यायची. आमच्या मावळात पाऊस थोडा का पडतो, पण तिला त्याचं कौतुक नव्हतं. तिचा बाप तिला सांगायचा, पावसाळा सरला की दर्या तापतो, लांब दक्षिणेला वारं जात्यागत गरगर फिरायला लागतं. जातं दिसत नाही. आधी वाऱ्याबिगर लांब लाटा येतात, मग ढग, मग ते स्वतः येतं. चाळीस वर्षं मी हे ऐकलं आणि गोष्ट म्हणून सोडून दिलं. आम्हाला मूलबाळ नाही. ऐकणारा मी एकटाच होतो…

तिच्याबरोबर जायला पाहिजे होतं. नाही गेलो. भात पडलं होतं ना. उलट म्हणालो, "तुझा भाऊ काय कुकुलं बाळ हाय? जा, पर लवकर ये. झोडणीला माणूस न्हाई मला." हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. आमच्याकडंही कौलं उडाली, आंबे उन्मळले. गावाचं भात चिखलात कुजलं, माझं तेवढं उडवीत कोरडं राहिलं. लोक विचारायला आले, "आबा, तुमाला कसं वं कळलं?" मी मिशीवर हात फिरवून म्हणालो, "आमच्या घरात खाडीची लेक हाय." त्या वेळी ती मरून पडली होती.

आठव्या दिवशी तिचा भाऊ धोंडू घाट चढून आला. ओट्यावर बसला. पाणी दिलं, प्यायला नाही. "ताय गेली, भाऊजी." मग थांबत थांबत सांगितलं. भरतीच्या वक्ताला वारं आणि पाणी संगंच आलं, खांड पडली. तो तिला म्हणाला, ताय, तू माहेरवाशीण, घरात बस. तर म्हणाली, "माहेर ऱ्हायलं तर माहेरवाशीण." आणि रांगेत उभी राहिली. लाटेनं ती रांगच उचलली. चार दिवसांनी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडली. अग्नी त्यांनीच दिला. थांबण्याजोगं नव्हतं… मला तोंड सुद्धा दिसलं नाही.

मी त्याच्याबरोबर खाली उतरलो. माडांची शेंडे तुटलेली खोडं, त्यांत अडकलेला कोळ्यांचा मचवा, छपराबिगर घरं. विहिरीचं पाणी तोंडात धरवेना, मेलेली ढोरं ओढायला बैल उरले नव्हते. आणि दर्या शांत, जसं त्याचं काही देणंघेणंच नाही. देव आहे असं मला आता कुणी सांगू नये. महिना झाला, मी दिवा लावलेला नाही.

खाली उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी बांधावर गेलो. खांड एवढी रुंद, की माझं घर गोठ्यासकट तिच्यात बसलं असतं. सात-आठ माणसं माती टाकत होती. धोंडू म्हणाला, "भाऊजी, बसा तुमी. एवढ्या माणसांत न्हाई बुजायची ती." मी पाटी उचलली. चिखल भरला, टाकला, परत भरला. ऊन वर आलं तशी भरती लागली, आणि आम्ही टाकलेली माती आमच्या डोळ्यांदेखत घेऊन गेली.