गेलेल्या क्षेत्राची यादी

"सरकारं येतात, जातात. मानसं येतात, जातात. क्षेत्र अमर राह्यते," असं आमच्या गावचे माजी आमदार मला म्हणाले. त्या वेळी आमचं क्षेत्र नकाशावरून जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आमच्याकडे मतदारसंघ हा शब्द फक्त वर्तमानपत्रात असतो. बोलताना सगळे क्षेत्र म्हणतात. शब्द हिंदीतून आला, आम्ही जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानीखाली होतो तेव्हाचा असावा. पण मराठी कानाला क्षेत्र म्हटलं की देवस्थान आठवतं, आणि माजी आमदारांचा चेहरा पाहता त्यांनाही तेच आठवत असावं. गावात त्यांना भाऊ म्हणतात. त्यांच्या फाटकावरच्या पाटीत क्षेत्राचं नाव आणि त्यांचं पद आहे. माजी हा शब्द पदाला लावलेला आहे, क्षेत्राला नाही.

मी भाऊंकडे जुनी मतदारयादी मागायला गेलो होतो. आईचं मत अडलं होतं.

यंदा याद्यांची फेरतपासणी निघाली. आईच्या वॉर्डाचं काम अंगणवाडीच्या सेविकेकडे होतं. तिने विहारात टेबल मांडलं आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून बोलावलं. ज्यांचं नाव जुन्या यादीत सापडेल ते सुटले, बाकीच्यांनी कागद आणायचे. आईचा जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. जुन्या यादीत नाव असणारच होतं, कारण आईने एकही मतदान चुकवलेलं नाही. आमच्याकडे बुद्धजयंतीला बायका पांढरी साडी नेसतात. आई मतदानालाही नेसते.

सेविकेने मोबाइल पुढे केला. "मावशी, यात आधी क्षेत्र निवडा लागते. पन तुमचं क्षेत्रच दाखवत नाई."

"काऊन? कुठं गेलं?" आईने विचारलं.

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. पहिल्या निवडणुकीत आमच्या भागाने मध्य प्रदेशाच्या विधानसभेत माणूस पाठवला, दुसऱ्या वेळी मुंबई राज्याच्या, तिसऱ्या वेळी महाराष्ट्राच्या. गाव जागचं हललं नाही. मग कधीतरी पुनर्रचना झाली. निम्मी खेडी इकडे गेली, निम्मी तिकडे. काहींचं घर एका क्षेत्रात राहिलं आणि शेत दुसऱ्यात. आमच्या गावाचं नाव पूर्वी निकालाच्या रात्री रेडिओवर यायचं. आता ते फक्त स्टेशनवर आहे. आईने त्या वेळीही तक्रार केली नव्हती. बूथ तोच होता, शाळेची तीच खोली. क्षेत्र बदललं हे तिला कोणी सांगितलंच नसावं.

भाऊंच्या लोखंडी कपाटात क्षेत्राच्या शेवटच्या छापील याद्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या. त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उतरवला, कपाळाला लावला आणि वरचं अमरत्वाचं वाक्य म्हटलं. गाठ मात्र मलाच सोडायला लावली, कारण त्यांचा खांदा दुखत होता.

आईचं नाव सापडलं. वय जवळपास बरोबर, घर क्रमांक बरोबर. पुढचा रकाना होता पतीचे नाव. त्यात छापलं होतं: गुरुजी.

भाऊ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही, कारण ती गोष्ट मला पाठ होती.

माझे वडील शिक्षक. तेव्हा त्यांची नोकरी कारंज्याकडे होती आणि मतही तिकडेच. घरी शनिवारी यायचे. यादी करायला आलेला माणूस नवा शिक्षक होता, वडिलांचाच जुना विद्यार्थी. त्याने आईला नवऱ्याचं नाव विचारलं. आई नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हाही तिने घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमचे गुरुजीच ना बापा, तुमाले मालूम नाई का?" त्याला चांगलं ठाऊक होतं. पण गुरुजींचं नाव त्याच्याही तोंडातून निघेना, आणि तोंडातून न निघालेलं त्याच्या हातातून कागदावर उतरेना. त्याने गुरुजी लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

शनिवारी वडिलांना कळलं. दुरुस्तीचा अर्ज द्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे. मत तिचं हाय. त्यात माह्यं काय काम?" दुसऱ्यांच्या वह्यांत ऱ्हस्वदीर्घ न सोडणाऱ्या माणसाने आपलं नावच सोडून दिलं. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

सेविकेने पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हे माह्या हातात नाई. तहसीलले सुनावणीले जा लागन."

सुनावणीच्या दिवशी मी राहतो त्या बोरगाव मेघेहून आलो आणि आईला घेऊन तहसीलला गेलो. तिने पांढरी साडी नेसली होती. समोरचे साहेब सभ्य होते, पंख्याखाली बसले होते आणि आमच्याआधी त्यांनी बरीच माणसं ऐकली होती.

"आजी, हे गुरुजी कोण?"

"याचे वडील." आईने माझ्याकडे बोट केलं.

मी तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नाही. अर्जदाराने सांगायचं. आजी, पतीचं पूर्ण नाव सांगा."

आईने पुन्हा माझ्याकडे बोट केलं. मागे रांग होती. रांगेतली एक बाई म्हणाली, "घे ना व माय नाव. आता काय होते?"

"तू घेतलं काय तुह्या मालकाचं?" आईने मागे न वळता विचारलं.

"माह्याचं बराबर छापलं हाय," ती बाई म्हणाली. लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"आजी, नाव नाही सांगितलं तर नोंद राहणार नाही. मत जाईल."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली, तिच्या चपलांकडे पाहिलं. तिला सांग म्हणायचं मला धैर्य नव्हतं, आणि नको सांगू म्हणायचा अधिकार नव्हता. मग ती बोलली. नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, शाळेतल्या हजेरीसारखं, सरळ, एका दमात. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. क्षणभर मला ते कुणा परक्याचं वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं.

साहेबांनी नाव लिहून घेतलं. जुन्या यादीशी ताडलं. पुन्हा ताडलं. मग मान हलवली.

"हे जुळत नाही."

"काय?" मी विचारलं.

"जुन्या यादीत गुरुजी आहे. आजी वेगळंच नाव सांगतात. तफावत दाखवावी लागेल. मग प्रतिज्ञापत्र, पुढची तारीख." त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "त्यापेक्षा आजी, जुन्या यादीत आहे तसंच अर्जात लिहा. सिस्टिम उचलेल."

आईने सही केली. लिहायला तिला माझ्या वडिलांनीच शिकवलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर कपाशी पाहत होती. मग म्हणाली, "उगीच घेतलं रे त्याईचं नाव. त्याईले काय वाटलं असन?"

मागच्या आठवड्यात नवी यादी विहाराच्या भिंतीवर लागली. आईला चष्म्यानेही नीट दिसेना, म्हणून मी वाचून दाखवलं. क्षेत्र नवीन आहे. आईचं नाव आहे. पतीचे नाव: गुरुजी.