अळ्या पडलेली म्हैस आणि पंचफुला

पंचफुला वऱ्हाडातल्या अनसिंगला मामाकडे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. निजामाच्या हद्दीतल्या तिच्या गावावर रझाकारांची धाड पडली, बाप अंगणातच कोसळला, आणि ती दीड दिवस उकिरड्याच्या खड्ड्यात शेणाकचऱ्याखाली दडून बसली. तिथून बापाचं तोंड दिसत होतं. त्यावर बसलेल्या माशाही. मग पैनगंगा ओलांडून ती एकटीच चालत आली.

तीन वर्षं झाली तरी नाकातला वास जाईना. राखेनं घासघासून हातांची सालं निघाली. ताटात भात आला की तो वळवळतोय असं वाटे आणि ती ओकायला उठे.

त्याहून किळस माणसांची. शेजारची आवडाबाई वांगी घ्यायच्या निमित्तानं येई, ओसरीवर फतकल मारी आणि पानाची लाळ पुसत विचारी, "सांग न वो, तुले त्याइनं काही केलं तं नाई?" तिच्या डोळ्यांतली चव पाहून पंचफुला परसात जाऊन ओकायची.

एक्कावन्नच्या पावसाळ्यात मामाच्या म्हशीचं शिंग मुळातून मोडलं. जखमेत अळ्या पडल्या, गोठ्यात घाण सुटली. बापूरावमामा नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "सोडून देतो रानात. पाहवत नाई."

म्हैस भिंतीकडे तोंड करून उभी होती. चारा तसाच पडलेला. जखमेतलं ते पांढरं पाहून पंचफुला परसात धावली. ती ओकली, चूळ भरली आणि परत आली.

"तिले सोडू नोका, मामा. मी पाह्यतो."

"तुले तं भात पाहून ओकारी येते!"

"येऊ द्या."

तिनं सीताफळाचा पाला कुटून रस जखमेत पिळला. अळ्या वर आल्या. काडीनं एकेक काढताना म्हशीनं असा हिसडा दिला की ती भिंतीवर आदळली. "उभी राह्य माय," ती पुटपुटली, "मले बी घाण वाटून राह्यली."

रोज तेच. पाल्याचा रस, कडुनिंबाचं पाणी, तेलात कालवलेली हळद. शिसारी गेली नाही, पण मधेच उठून ओकायला जाणं थांबलं. आठव्या दिवशी म्हशीनं चारा खाल्ला आणि खरखरीत जिभेनं तिचं कोपर चाटलं. पंचफुलानं त्या दिवशी गोठ्यातच, त्याच वासात बसून, आख्खी भाकर खाल्ली.

आवडाबाई तिथंही आली. "लोक काहीबाही म्हणतेत वो, खरं काय ते सांग न..."

पंचफुलानं शेवटच्या काही अळ्या काढून ठेवलेलं पान तिच्यापुढं धरलं. "माह्या बापाच्या तोंडावर माशा बसल्या होत्या. मी ते पाह्यत राह्यलो. अजून काय आयकाचं हाये? बस मंग इतं."

आवडाबाई पदर तोंडाला लावून जी निघाली ती पुन्हा आली नाही.

म्हैस बरी झाली. पुढं पार इंझोरी गावापर्यंतचे लोक आजारी जनावरांसाठी पंचफुलाला बोलवायला येऊ लागले. ती जायची, पण गोठ्यात शिरण्याआधी एकच सांगायची, "माणसं बाहीर काढा."