सांगलीच्या पडद्यावरचे ठिपके

बातमीची दुसऱ्या दिवशी रद्दी होते. किस्से मात्र रद्दीवाला नेत नाही, म्हणून साठत जातात! हे आमच्या पेपरातले, नव्वदच्या दशकाअखेरचे. मुख्य कचेरी सांगलीत, मी साताऱ्यात बातमीदार.

सांगलीत सुजाता चौगुले ही इंजिनिअर आली. तिचा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी प्रत्येक कचेरीतल्या राऊटरसारख्या यंत्राला विचारायचा, 'जिवंत आहेस ना?' यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, भाषा एकच ठरलेली. उत्तर आलं की पडद्यावर हिरवा ठिपका, नाही आलं की लाल. मालक म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. उपयोग दिसला नाही तर बाईही घरी आणि ठिपकेही. बातम्यांची पाकिटं पूर्वीसारखी एसटीनं!"

मी फोनवर सुजातावर भडकलो. "कलेक्टरला कधी घाबरलो नाही, आता तुम्ही माझ्यावर पाळत ठेवणार?"

"काका, पाळत राऊटरवर हाय. तो गप्प बसला की काळजी वाटती. तुमी बसला तर सगळ्यांना बरंच वाटंल!"

*

साताऱ्याचा ठिपका रोज दुपारी चारला लाल. सुजातानं आमचे शिपाई गणपतराव यांना फोन केला, "राऊटरची पिन काढून चहाची शेगडी लावता काय?"

गणपतराव शेगडीकडे बघतच राहिले. मला म्हणाले, "आवं, बाईंना सांगलीत वास येतोय!"

*

मग राऊटर तापल्याचा इशारा सांगलीला गेला. बघतो तर त्याच्यावर घोंगडी!

"गणपतराव, हे काय?"

"पावसाचा गारठा लय हाय. बाईच म्हनल्या न्हवं, त्याला जपा म्हणून!"

*

खंडेनवमीला सकाळी सातारा, पाटण, औंध, सगळे ठिपके एकदम लाल. मालक नेमके सुजाताच्या मागं उभे. "बघा, बसलं तुमचं नेटवर्क!"

तिनं पाटणला फोन लावला. "पूजा चाललीय बाई. आज हत्यारं बंद. राऊटरला झेंडूचा हार घातलाय."

"कुणाला विचारून बंद केलं?" मालक ओरडले.

"साहेब," सुजाता म्हणाली, "खाली छपाईयंत्र बंद ठेवून तुमी आत्ताच नारळ फोडून आलाय की!"

मालक हसले नाहीत. मुदत तीच राहिली.

*

पाटणला रोज वीज जायची आणि वीजवाले साहेब छातीठोकपणे सांगायचे, "एक मिनिटही जात नाही. पुरावा द्या!" असल्या उत्तरांची मला भयंकर चीड. आमच्या पाटणच्या कचेरीतला यूपीएस वीज गेल्या-आल्याची वेळ सांगलीला कळवायचा. सुजातानं महिन्याभराच्या वेळा छापून दिल्या. मी त्या साहेबांच्या टेबलावर आपटल्या.

"कुणी लिहिलं हे?"

"यंत्रानं. त्याची बदली करता येत नाही!"

बातमी पहिल्या पानावर गेली. मुदत मात्र तीच.

धनत्रयोदशीला सकाळी मी सांगलीत होतो. सुजाता टेबल आवरत होती. फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकता ऐकता ताठ झाले, मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "बाई, खुर्ची सोडू नका! वीजवाले साहेब विचारतायत, पाटणला आत्ता लाईट आहे का?"